मोटारगाड्यांच्या प्रतिकृती

प्रत्यक्ष मोटारगाडीचे आकारमान एका ठराविक प्रमाणात लहान करून, तिचा घाट, तिचे सुटे भाग व त्यांची परस्परसंगती शक्य तेवढी तंतोतंत राखून तयार केलेल्या लहान गाडीस मोटारगाडीची प्रमाणबद्ध प्रतिकृती म्हणतात. खेळण्यातील गाडी व प्रतिकृती यांत मुख्य भेद प्रमाणाचा आहे. खेळण्यात गाडीचा नुसता आभास पुरतो; प्रतिकृतीत चाकाचा व्यास, छताची उंची, खिडकीची चौकट ही सर्व एकाच मापाने उतरावी लागतात. अशा प्रतिकृती तीन प्रकारे घडतात : कारखान्यात पूर्ण होऊन आलेल्या, कारखान्याने पुरविलेल्या सुट्या भागांची घरी जुळणी केलेल्या आणि कच्च्या मालापासून हाताने घडविलेल्या. यांपैकी दुसऱ्या प्रकाराला विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विलक्षण लोकप्रियता लाभली. संचातील गाडी जशीच्या तशी न जुळविता तिचा घाट बदलून स्वतःच्या कल्पनेतील गाडी उभी करण्याची प्रथाही तेथेच रूढ झाली. मूळ वस्तूशी इमान राखणे आणि तिच्यात मनाजोगा फेरफार करणे, या दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या प्रेरणा या छंदाच्या इतिहासात एकत्र नांदत आल्या आहेत.

प्रमाणे : प्रतिकृतींची प्रमाणे प्रदेशपरत्वे व परंपरेनुसार निरनिराळी आहेत. इंग्लंड व फ्रान्स येथे १ : ४३ हे प्रमाण रूढ झाले. ते खेळण्यातील आगगाड्यांच्या १ फुटास ७ मिमी. या मापावरून आले. कारण पहिल्या लहान मोटारी आगगाडीच्या स्थानकाशेजारी मांडण्यासाठी केल्या जात. जपान व यूरोप येथील संच बहुधा १ : २४ प्रमाणात असतात, त्यात १ फुटास अर्धा इंच असे सोपे माप येते. अमेरिकेत मात्र १ : २५ हे प्रमाण मान्यता पावले. या प्रमाणात ५ मी. लांबीची गाडी २० सेंमी. लांबीची होते, म्हणजे ती तळहातावर मावते आणि तरीही तिच्या एंजिनातील तारा दाखविता येतात. १ : ३२, १ : १२ व १ : ८ ही प्रमाणेही प्रचारात आहेत. १ : ६४ च्या आसपासच्या प्रतिकृती मुख्यतः मुलांच्या खिशासाठी निर्माण झाल्या.

प्रारंभ : इंग्लंडमधील लिव्हरपूल येथील मेकॅनो या कंपनीने १९३३ मध्ये लहान धातूच्या गाड्या विक्रीस आणल्या व पुढील वर्षी त्यांना ‘डिंकी टॉइज’ हे नाव दिले. ही खेळणी असली, तरी ती प्रत्यक्ष गाड्यांशी मिळतीजुळती होती आणि त्यांमुळे लहान मोटारींचा संग्रह करण्याची आवड पसरली. जस्ताच्या ज्या मिश्रधातूत त्या ओतल्या जात, त्यात शिशाचा अल्पसा अंश मिसळला गेल्यास कालांतराने धातू फुगून त्यास तडे जातात व अखेर त्याचा भुगा होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक प्रतिकृती अशा रीतीने कपाटात ठेवल्या जागी नष्ट झाल्या आहेत.

अमेरिकेत या विषयाला निराळे वळण मिळाले. जनरल मोटर्स या कंपनीच्या फिशर बॉडी विभागाने १९३० मध्ये मुलांसाठी ‘फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड’ या नावाची स्पर्धा सुरू केली. या विभागाचे बोधचिन्ह नेपोलियनकालीन राजरथाचे होते. त्यामुळे आरंभी स्पर्धकांना त्या रथाची प्रतिकृती करावी लागे. लाकूडकाम, धातूकाम, रंगकाम व कापडाची सजावट या चारही कलांची तीत कसोटी लागे. १९३७ पासून स्पर्धकांनी स्वतः कल्पिलेल्या मोटारगाडीची १ : १२ प्रमाणातील प्रतिकृती पाठविण्याचा विभाग सुरू झाला व पुढे रथाची स्पर्धा मागे पडली. विजेत्यांना विद्यापीठीय शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळत. १९४७ चा विजेता चक जॉर्डन हा पुढे जनरल मोटर्सच्या अभिकल्प विभागाचा प्रमुख झाला. त्याच्याप्रमाणेच इतर अनेक स्पर्धकही मोटारउद्योगात अभिकल्पक म्हणून शिरले. ही स्पर्धा १९६८ मध्ये बंद झाली. तिचे दार केवळ मुलग्यांनाच उघडे होते, ही तिची मर्यादा होय. तथापि लाकडाच्या ठोकळ्यातून गाडी कोरणारा मुलगा उद्याची खरी गाडी घडवू शकतो, ही कल्पना तिने प्रथम रुजविली.

विक्रेत्यांच्या प्रतिकृती : दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारकंपन्यांना नव्या गाड्यांची जाहिरात करण्यासाठी लहान प्रतिकृतींची गरज भासू लागली. नव्या वर्षाची गाडी कोणत्या रंगांत मिळेल, हे गिऱ्हाइकास मेजावरच दाखविता यावे आणि त्याच्या मुलाच्या हाती काहीतरी देता यावे, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. डिट्रॉइट परिसरात वेस्ट गॅलोग्ली या वकिलाने १९४८ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने फोर्ड गाडीची ॲल्युमिनियमची ओतीव प्रतिकृती तयार केली. ‘ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज’ या नावावरून ती पुढे ‘एएमटी’ म्हणून ओळखली गेली. लवकरच तिने धातू सोडून प्लॅस्टिक स्वीकारले. डिट्रॉइटमधीलच जॉन हॅन्ली याची जो-हॅन ही कंपनीही या व्यवसायात अग्रेसर होती.

या प्रतिकृती मोटारकंपन्यांनी पुरविलेल्या मूळ आराखड्यांवरून तयार होत व त्यांवर कित्येकदा गाडीच्याच अधिकृत रंगछटा दिल्या जात. त्यामुळे त्यांचा घाट अत्यंत विश्वसनीय असे. मात्र सुरुवातीस वापरलेले सेल्युलोज ॲसिटेट हे प्लॅस्टिक काही वर्षांनी आक्रसते व वाकते. त्यामुळे त्या काळच्या बहुतेक प्रतिकृतींची छते खचलेली व तळ कमानदार झालेले आढळतात. पुढे त्याची जागा पॉलिस्टायरीनने घेतली. ते टिकाऊ तर होतेच, पण त्याचा आणखी एक गुण निर्णायक ठरला. योग्य विद्रावक लावल्यास त्याचे दोन तुकडे परस्परांत विरघळून एकजीव होतात. ते कापता येते, कानशीने घासता येते व त्यावर लांबी भरून पुन्हा गुळगुळीत करता येते. फेरफाराच्या कलेचा पाया या साध्या गुणधर्मात आहे.

सुट्या भागांचे संच : कॅलिफोर्नियातील रेव्हेल या कंपनीने १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘हायवे पायोनिअर्स’ ही जुन्या मोटारींच्या संचांची मालिका बाजारात आणली. तिचे मूळ आराखडे गोलंड या इंग्रज पितापुत्रांचे होते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या गाड्या १ : ३२ प्रमाणात स्वतः जुळविण्याची ही संधी मुलांप्रमाणे प्रौढांनाही आवडली आणि प्लॅस्टिकचा संच ही वस्तू घरोघरी पोहोचली. शिकागोतील मोनोग्रॅम या कंपनीनेही विमाने व जहाजे यांच्याबरोबर मोटारींचे संच काढले.

संच तयार करण्याची रीत थोडक्यात अशी : प्रथम गाडीचा मोठ्या प्रमाणातील लाकडी नमुना घडविला जाई. त्यावरून कोरणीयंत्राच्या साहाय्याने पोलादी साचे कोरीत. तापवून पातळ केलेले पॉलिस्टायरीन मोठ्या दाबाने या साच्यांत भरले की, सर्व भाग एका बारीक चौकटीला जोडलेले असे बाहेर पडत. बंपर, जाळी इ. भागांवर निर्वात पेटीत ॲल्युमिनियमच्या बाष्पाचे विलेपन करून क्रोमियमची चकाकी आणली जाई. यात साचा हा सर्वांत खर्चिक भाग होय. एकदा तो तयार झाला की, प्रत्येक संचाचा उत्पादनखर्च अल्प राहतो. म्हणून साच्याचा खर्च भरून निघण्यास विक्री मोठी असावी लागते. या आर्थिक गणिताने छंदाची पुढील वाटचाल बरीचशी ठरविली.

१९५८ मध्ये एएमटी कंपनीने ‘थ्री इन वन’ नावाचे संच काढले आणि या छंदाचे स्वरूपच पालटले. त्या वर्षीच्या नव्या गाडीच्या एकाच पेटीत तीन पर्याय दिलेले असत : कारखान्यातून येते तशी गाडी, सजवून बदललेली गाडी आणि शर्यतीची गाडी. जास्तीच्या जाळ्या, चाके, पंख, नक्षीच्या चिकटपट्ट्या इ. भाग पेटीत असत आणि कोणते लावावयाचे, हे जुळविणाऱ्याने ठरवावयाचे असे. न वापरलेले भाग फेकून न देता मुले ते डब्यात जपून ठेवीत व पुढच्या गाडीला लावीत. विक्रेत्याच्या मेजावरील आज्ञाधारक प्रतिकृती अशा रीतीने मुलाच्या हाती येऊन स्वतंत्र झाली. १९३२ च्या फोर्ड गाडीचा या कंपनीचा संच १९५९ च्या सुमारास आला. त्यामुळे जुनी गाडी घेऊन ती वेगवान करण्याचा तरुणांचा छंदही मेजावर उतरला. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या एमपीसी या कंपनीमुळे स्पर्धा वाढली. याच दशकाच्या पूर्वार्धात केवळ मोटार-प्रतिकृतींना वाहिलेली नियतकालिकेही निघू लागली.

फेरफाराचे तंत्र : प्रतिकृतीतील फेरफाराची परिभाषा दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील गॅरेजांमध्ये प्रत्यक्ष गाड्यांवर काम करणाऱ्या कारागिरांकडून आली. छताचे खांब कापून छत खाली घेण्यास ‘चॉपिंग’, गाडीची काया सांगाड्यावर अधिक खाली बसविण्यास ‘चॅनेलिंग’ आणि कायेच्या मधोमध सभोवार एक आडवी पट्टी काढून टाकून ती बुटकी करण्यास ‘सेक्शनिंग’ म्हणतात. यांखेरीज दारांच्या मुठी व निर्मात्याची चिन्हे काढून पृष्ठभाग सलग करणे, दिव्यांच्या खोबणी बदलणे, एका गाडीची जाळी दुसरीस बसविणे असे अनेक प्रकार आहेत. १९४९ ची मर्क्युरी ही यासाठी विशेष प्रिय असलेली गाडी होय.

ही कामे दिसतात तितकी सोपी नसतात. मर्क्युरीसारख्या गाडीचे छत वर अरुंद होत जाते. त्यामुळे खांबांतून पट्टी काढताच वरचा भाग खालच्या भागाशी जुळेनासा होतो. मग छताचे चार तुकडे करून ते पुढेमागे व बाजूंना सरकवावे लागतात, मधल्या फटींत प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसवून लांबी भरावी लागते आणि पाण्यात भिजविलेल्या पॉलिश कागदाने सर्व पुन्हा एकसारखे करावे लागते. पुढची काच तर नव्यानेच कापावी लागते. पत्र्यावर काम करणाऱ्या कारागिरासही नेमक्या याच अडचणी येतात. म्हणजे प्रतिकृतीकार खऱ्या कामाची नक्कल करीत नाही, तर तेच काम लहान मापात करतो.

प्रमाणाचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. गाडी पंचवीस पटींनी लहान झाली, तरी पदार्थांचे गुणधर्म लहान होत नाहीत. गाडीचा पत्रा सुमारे १ मिमी. जाड असतो, १ : २५ प्रमाणात तो ०·०४ मिमी. हवा. प्रत्यक्षात प्लॅस्टिकची भिंत १ मिमी.हून सहसा कमी नसते. म्हणून चाकांवरील कमानींच्या व दारांच्या कडा आतून तासून पातळ केल्या जातात. रंगाचा ०·१ मिमी. जाडीचा थर खऱ्या गाडीच्या मानाने २·५ मिमी. जाडीचा ठरतो व त्याखाली बारीक रेषा बुजून जातात. यासाठी रंग हवेच्या दाबाने पातळ फवारून अनेक हलके थर देतात आणि शेवटी ते घासून चकाकी आणतात. चंदेरी किंवा सोनेरी तळावर पारदर्शक रंगाचे थर देऊन साधलेली ‘कँडी’ छटा व कणीदार रंग यांत कणांचे आकारमानही प्रमाणास धरून निवडावे लागते. अन्यथा गाडी पैशाएवढ्या टिकल्यांनी मढविल्यासारखी दिसते. क्रोमियमच्या पट्ट्यांसाठी चिकट पाठीचा अतिशय पातळ धातुपत्रा वापरतात. एंजिनातील ठिणगीच्या तारांसाठी सुमारे ०·३ मिमी. जाडीची तार पुरते.

प्रदर्शनातील गाड्या : रस्त्यावर धावण्यापेक्षा प्रदर्शनात मांडण्यासाठीच घडविलेल्या गाड्या हे अमेरिकन मोटारसंस्कृतीचे एक वैशिष्ट्य आहे. ओकलंड, डिट्रॉइट इ. ठिकाणच्या वार्षिक प्रदर्शनांत अशा गाड्यांना पारितोषिके दिली जात. तेथे जाऊ न शकणाऱ्या मुलांपर्यंत या गाड्या संचांच्या रूपाने पोहोचल्या. जॉर्ज बॅरिस याच्या कर्मशाळेत १९२९ च्या फोर्ड गाडीपासून तयार झालेल्या ‘अला कार्ट’ या गाडीने ओकलंड येथे १९५८ व १९५९ अशी सलग दोन वर्षे सर्वांत देखण्या उघड्या गाडीचे पारितोषिक मिळविले. एएमटीने १९६१ मध्ये तिचा संच काढला.

एड रॉथ हा या क्षेत्रातील सर्वांत स्वच्छंदी कलावंत होय. प्लॅस्टरच्या साच्यावर तंतुकाच व रेझीन यांचे थर चढवून तो गाड्यांचे आकार घडवी. त्यामुळे पत्र्याच्या मर्यादा त्याला जाचल्या नाहीत. त्याच्या ‘बीटनिक बँडिट’ (१९६१) या गाडीवर पारदर्शक घुमट होता आणि सुकाणू, वेग व गतिरोध या तिन्हींसाठी मधोमध एकच दांडा होता. रेव्हेल कंपनीने रॉथच्या गाड्यांचे संच काढून प्रत्येक संचामागे त्याला एक सेंट मानधन दिले. रॉथच्या कल्पना घराघरांत पोहोचल्या त्या प्रामुख्याने या संचांमुळे. डिट्रॉइटच्या माइक व लॅरी अलेक्झांडर या बंधूंनी डॉज मालमोटारीपासून बनविलेली ‘डिओरा’ ही गाडी हॅरी ब्रॅडली याने कल्पिली होती. १९६७ मध्ये डिट्रॉइटच्या प्रदर्शनात तिला रिडलर पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास एएमटीने तिचा संच काढला. १९६८ मध्ये मॅटेल कंपनीने ‘हॉट व्हील्स’ या लहान धातूच्या गाड्या बाजारात आणल्या. त्यांच्या पहिल्या सोळा नमुन्यांत डिओरा व बीटनिक बँडिट या दोन्ही होत्या. या मालिकेच्या आरंभीच्या अभिकल्पकांत ब्रॅडली हाही होता.

काही वेळा हा क्रम उलटही झाला. मोनोग्रॅम कंपनीसाठी टॉम डॅनियल याने ‘रेड बॅरन’ ही जर्मन शिरस्त्राणाच्या आकाराचे छत असलेली गाडी केवळ संच म्हणून कल्पिली. संच इतका गाजला की, त्यावरून चक मिलर याने पूर्णाकार गाडी तयार केली व ती प्रदर्शनांतून फिरविण्यात आली. येथे प्रतिकृती ही मूळ व गाडी तिची मोठी प्रतिकृती ठरली.

प्रतिकृतींचे साक्षीमूल्य : प्रदर्शनातील गाड्या अल्पायुषी असतात. एका हंगामात गाजलेली गाडी पुढच्या हंगामासाठी पुन्हा रंगविली जाते, मोडून तिचे भाग दुसरीस लावले जातात किंवा ती विस्मृतीत जाते. लिंकन कंपनीची ‘फ्युच्युरा’ ही १९५५ ची गाडी इटलीतील तूरिन येथे गिया यांच्या कर्मशाळेत हातांनी घडविली गेली होती. दहा वर्षांनंतर बॅरिसने दूरचित्रवाणीवरील ‘बॅटमॅन’ मालिकेसाठी तिचेच ‘बॅटमोबील’मध्ये रूपांतर केले. बॅटमोबील जगप्रसिद्ध झाली, पण फ्युच्युरा मात्र उरली नाही. तिचा मूळ घाट आज छायाचित्रांत आणि रेव्हेलने १९५६ मध्ये काढलेल्या संचात पहावा लागतो. रॉथची ‘मिस्टेरियन’ ही गाडीही टिकली नाही. नंतरच्या काळात चाहत्यांनी तिची पुनर्निर्मिती केली; परंतु दरम्यानच्या दशकांत तिची ओळख जिवंत राहिली ती मुख्यतः १९६३ च्या संचामुळे. अशा वेळी मुलाच्या फळीवरची प्रतिकृती ही केवळ करमणुकीची वस्तू न राहता ऐतिहासिक साधन बनते.

परंतु हे साधनही अक्षय नाही. मोटारकंपन्या दरवर्षी गाडीचा घाट बदलत. संचकंपन्यांना दरवर्षी नवे साचे करणे परवडत नसे. म्हणून जुन्याच पोलादी साच्यात कोरीव काम करून तो नव्या वर्षाच्या गाडीसाठी वापरला जाई. एकदा साचा असा बदलला की, आधीच्या वर्षीचा संच पुन्हा कधीही काढता येत नसे. शर्यतीच्या गाड्यांच्या फॅशनमुळे काही साच्यांतील चाकांच्या कमानी कायमच्या रुंद करण्यात आल्या. पुढे कंपन्या हस्तांतरित झाल्या तेव्हा काही साचे गहाळ झाले, तर काही गंजले. जो-हॅन ही कंपनी तर विसाव्या शतकाच्या अखेरीस बंदच पडली. ज्या सामान्य कौटुंबिक गाड्या कोणी संग्रहालयात ठेवल्या नाहीत, त्यांच्या प्रतिकृतीही या रीतीने दुर्मिळ झाल्या.

या हानीवर उपाय छांदिष्टांनीच शोधला. उरलेल्या एखाद्या जुन्या संचाच्या कायेवरून सिलिकोन रबराचा साचा घ्यावयाचा आणि त्यात पॉलियुरेथेन रेझीन ओतून प्रती काढावयाच्या, ही पद्धत १९८० नंतर घरगुती उद्योग म्हणून पसरली. अशा साच्यातून थोड्याच प्रती निघतात. पण पोलादी साच्याचा खर्च वाचतो. त्यामुळे ज्या गाडीला थोडेच ग्राहक आहेत, तीही पुन्हा उपलब्ध होते. एकविसाव्या शतकात संगणकावर रेखाटलेली गाडी थरांवर थर रचून मुद्रित करण्याचे तंत्र याच कामी वापरले जाऊ लागले आहे.

यूरोप व जपान : यूरोपात मूळ गाडीशी निष्ठा राखण्याकडे अधिक कल राहिला. तूरिन येथील पोखेर या कंपनीने १ : ८ प्रमाणातील मोठे संच काढले; त्यांत आल्फा रोमेओ, रोल्स-रॉइस, बुगाटी या १९३० च्या सुमाराच्या गाड्या प्रमुख होत. रोल्स-रॉइसच्या संचात दोन हजारांहून अधिक भाग असून चाकाचे आरे एकेक करून ओवावे लागत. इंग्लंडमधील जेरल्ड विंग्रोव्ह याने कोणत्याही संचाविना, पितळ, लाकूड व चामडे यांतून १ : १५ प्रमाणातील अभिजात गाड्या घडविल्या. त्यासाठी मूळ गाडीची मापे घेऊन तिचे आराखडे तो स्वतः काढी. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे मार्गदर्शक पुस्तक या कलेतील प्रमाणभूत ग्रंथ मानले जाते. १ : ४३ प्रमाणात मऊ पांढऱ्या धातूत ओतलेले संचही इंग्लंडमध्ये १९७० नंतर प्रचारात आले.

जपानमधील शिझुओका येथील तामिया ही मूळची लाकूडव्यवसायातील कंपनी. तिने होंडाच्या शर्यती गाडीचा १ : १२ प्रमाणातील संच १९६७ मध्ये काढून भागांच्या अचूक जुळणीचा नवा मानदंड घालून दिला. पोर्शच्या गाडीचा संच तयार करताना शुनसाकू तामिया यांनी एक खरी पोर्श गाडी विकत घेऊन ती सुटी करून अभ्यासली. १९७६ च्या त्या संचातूनच कंपनीच्या बिनतारी नियंत्रणाच्या गाड्यांची परंपरा सुरू झाली.

उत्तरकाल : १९७३ मधील तेलाच्या भाववाढीमुळे खनिज तेलापासून मिळणारे प्लॅस्टिक महागले. दूरचित्रवाणी व पुढे संगणकीय खेळ यांनी मुलांचा वेळ घेतला. वाहनांच्या नावांच्या व आकारांच्या वापरासाठी मोटारकंपन्या परवाना-शुल्क आकारू लागल्या. एके काळी याच कंपन्या जाहिरातीसाठी प्रतिकृती तयार करवून घेत, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. एएमटी १९७८ मध्ये इंग्लंडच्या लेझ्नी कंपनीकडे व नंतर अर्टल या अमेरिकन कंपनीकडे गेली. रेव्हेल व मोनोग्रॅम १९८६ मध्ये एकत्र झाल्या. रेव्हेलची मालक असलेली हॉबिको ही अमेरिकन कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली व रेव्हेल जर्मन मालकीखाली आली. एएमटी व एमपीसी ही नावे राउंड टू या कंपनीकडे आली असून तिने उपलब्ध जुन्या साच्यांतून अनेक संच पुन्हा काढले आहेत.

मुलांचा हा छंद दरम्यान प्रौढांचा झाला. १९६० च्या सुमारास संच जुळविणारी पिढी मध्यम वयात त्याकडे परतली व कौशल्याची पातळी उंचावली. १९७९ मध्ये अमेरिकेत ‘स्केल ऑटो एन्थुझिॲस्ट’ हे नियतकालिक सुरू झाले. ते पुढे नामांतर होऊन २०२० पर्यंत चालले. यूटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे मार्क गुस्टाव्हसन याने याच सुमारास सुरू केलेली स्पर्धा व प्रतिकृतिकारांचे संग्रहालय यांमुळे हाताने केलेल्या प्रतिकृतींना जतन करण्याजोग्या कलावस्तूंचा दर्जा मिळाला. १९९० नंतर बुटक्या, हलत्या गाड्यांच्या मेक्सिकन-अमेरिकन परंपरेचे संचही निघाले व १९६४ ची शेव्हर्ले इंपाला ही गाडी नव्या पिढीस परिचित झाली.

भारतात हा छंद प्रामुख्याने तयार गाड्यांच्या संग्रहापुरता राहिला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कोलकाता येथील एका कंपनीने डिंकीचे जुने साचे आणून ‘निकी टॉइज’ या नावाने गाड्या काढल्या. इंग्लंडमध्ये थांबलेले काही नमुने त्यामुळे भारतात काही काळ निघत राहिले. आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी संच दुर्मिळ होते. १९९१ नंतरच्या उदारीकरणाने ते सुलभ झाले. ज्या गाड्यांचे संच कोणी काढले नाहीत, त्या ॲम्बॅसॅडर, प्रीमियर पद्मिनी यांसारख्या भारतीय गाड्या प्रमाणात घडवावयाच्या, तर हाताने घडविण्याचा किंवा त्रिमिती मुद्रणाचाच मार्ग उरतो. ॲम्बॅसॅडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईच्या रस्त्यावरील पद्मिनी टॅक्सीची सद्दी २०२३ मध्ये संपली. ज्या वाहनांनी एका शहराचा चेहरा घडविला, त्यांची मापे, त्यांच्या जाळीची वळणे व त्यांच्या छताचा पिवळा रंग अचूक नोंदवून ठेवण्याचे काम संग्रहालयांइतकेच या छांदिष्टांवरही अवलंबून राहणार आहे.